अकरा वर्षांच्या दशम्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांनाही नाही – आणि त्या मंडळींना तर मी माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून झालेलं आहे. तेव्हा तुम्ही पहिले. खुर्ची जरा पुढे ओढून बसा. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. निदान मधला बराच भाग तरी.

आधी मी कोण ते सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेल्या जॉबचं, म्हणजे सुट्या भागाचं, माप घ्यायचं, ड्रॉइंगशी ताडून बघायचं, केसभर फरक निघाला तर परत पाठवायचा – चाळीस वर्षं हेच केलं. घरातही तीच सवय. पोळी एका बाजूला जाड आहे हे मी जेवताना बोलून दाखवलेलं आहे आणि त्याची शिक्षाही भोगलेली आहे.

निवृत्त झालो त्याच वर्षी मुलाच्या जात पडताळणीचं काम निघालं. आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे हवे होते. मग मी शाळेची जुनी रजिस्टरं काढली, तहसीलला खेटे घातले, आणि तिथलं जुनं अक्षर लागेना म्हणून वाचनालयातल्या वर्गाला जाऊन चक्क मोडी शिकलो. काम झालं. पण चटक लागली. मग काय, चुलत-मावस-आते सगळे यायला लागले. ‘भाऊंना विचारा, भाऊ काढून देतील.’ आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर मला ‘आपले चित्रगुप्त’ म्हणतात. मी वरवर रागावतो. आतून फार बरं वाटतं.

असा मी. कुठला कागद कुठल्या कपाटात असेल हे वासावरून सांगणारा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे.

माझं कागदावरचं नाव किरण. ते मी नंतर गॅझेटमध्ये छापून करून घेतलं. मूळचं नाव केरू. आमच्याकडे आधीचं मूल गेलं की पुढच्याला असं नाव ठेवायचे की कोणाची दृष्ट लागायला नको – दगडू, धोंडू, केरू. माझ्या बाबतीत तर सगळं अगदी रीतसर झालं. जन्मलो त्या दिवशी मला सुपात घालून अंगणातल्या केरावर ठेवलं. शेजारणीनं ‘कोणाचं गं हे टाकलेलं पोर’ म्हणत उचललं आणि आमच्याच घरात आणून दिलं. बारशाला गाजावाजा नाही, गूळ वाटला नाही. आणि गावच्या रजिस्टरात नोंदही केली नाही. नोंद केली म्हणजे नशिबाला हाक मारून ‘आलाय बरं का’ म्हणून सांगितल्यासारखं, नाही का? म्हणून मी जन्मलो, पण कागदावर जन्मलो नाही.

माझ्या आधीचा जो गेला, तो उत्तम. पोळ्याच्या सुमारास झाला आणि एकवीस दिवस जगला. पाचवी झाली, बारसं झालं, नाव ठेवलं आणि गेला.

त्याचं नाव घरात निघत नसे. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, तर तो होऊन गेला हेच कित्येक वर्षं माहीत नव्हतं. नाव घ्यायची ती एकटी बाई – आम्ही आईला बाई म्हणतो – आणि तीही फक्त माझ्यापाशी. तेसुद्धा मी दूध सांडलं, पाटी फोडली, गणितात गटांगळी खाल्ली की. ‘उत्तम राह्यला असता तर...’ एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. पण वाक्य ती अर्धं सोडायची आणि मी ते पुरं करायचो. मनातल्या मनात, दर वेळी नव्या शेवटानं. त्यानं दूध सांडलं नसतं. त्याला पाढे येत असते. तो गोरा असता.

आता सांगतो ते ऐका – म्हणजे हसू नका असं नाही, हसा, पण ऐका. मी एकवीस दिवसांच्या पोरावर जळत होतो. नुसता लहानपणी नाही. मोठेपणीही. सासरा झालो तरीही.

कारखान्यात भरती निघाली तेव्हा वयाचा पुरावा मागितला. नानांनी – माझ्या वडिलांनी – पेटीतून एक पिवळा कागद काढला. गावच्या रजिस्टरातला जन्माचा उतारा. मुलगा, बापाचं नाव, आईचं नाव, ऑगस्टातली तारीख. बाळाच्या नावाची जागा कोरी, कारण नोंद बारशाच्या आधीच केलेली. नाना म्हणाले, ‘हा तुझा नाय. तुझ्या आधीच्याचा हाय. शाळेत तुला ह्याच्यावरच घातला. बाईला बोलू नको. तिला मी सांगितलंय, एवढ्याशा जिवाची नोंद कोन करतं म्हनून.’

समजलं ना? घरात एक कागद होता, त्याचं पोर नव्हतं. एक पोर होतं, त्याचा कागद नव्हता. नानांनी दोघांची गाठ घालून दिली. म्हणून मी पहिलीत सगळ्यांत बुटका होतो, आणि म्हणून साडेसोळा वर्षांचा मी अठराचा म्हणून सातपूरला कामाला लागलो. नानांनी बाईपासून का लपवलं? त्यांना वाटलं असेल, कागद हातात आला तर ती रडायची थांबणार नाही. आमच्या नानांची समज ती. मला मात्र तो कागद बघून काय वाटलं सांगू? आनंद झाला. नाव त्याला चांगलं मिळालं होतं ना? मला केर मिळाला होता. मग तारीख तरी आता माझी.

आणि ती मी पुरेपूर वापरली. दर ऑगस्टात कारखान्याच्या फळ्यावर माझं नाव, मित्रांना जिलेबी, पुढे मुलं झाली तसा केक. बाईला तारखा कळत नाहीत, तिचं सगळं तिथीवर आणि पिकावर. ऑगस्टातला माझा वाढदिवस म्हणजे गुरुजींनी घातलेला सरकारी वाढदिवस, असंच ती धरून चालली. ती मला ओवाळायची पौषात, कांदे लावणीच्या दिवसांत, जेव्हा मी खरा जन्मलो तेव्हा. म्हणजे बघा – मला दोन वाढदिवस आणि त्याला एकही नाही.

नाना गेल्यावर बाई आमच्याकडे राहायला आली. तेव्हा माझी वंशावळ जोरात होती. एके दुपारी मी ड्रॉइंगचा मोठा कागद हॉलमध्ये फरशीवर पसरून बसलो होतो. बाई शेजारी पाय पसरून लसूण सोलत होती. तिला वाचता येत नाही. मी बोटानं दाखवत होतो – हे नाना, ही तू, हा मी, ही सुमन. तिनं बराच वेळ माझ्या चौकोनाच्या अलीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘केरू, तू लय कचेऱ्या हिंडतो. त्याचं कुठं लिव्हलेलं हाय का, तेवढं बघशील?’

मी पेन्सिलीला टोक काढायला लागलो.

‘मला काय त्याचं करायचं नाय,’ ती म्हणाली. ‘नुसतं लिव्हलेलं असावं. मी गेल्यावर त्याला वळखनारं कोन हाय?’

माझ्या पाठीमागे गोदरेजचं कपाट होतं. त्यात वरच्या कप्प्यात निळी फाइल. फाइलमध्ये तो पिवळा कागद. उठून हात लांब केला असता तर लागला असता हाताला.

मी म्हणालो, ‘बघतो.’

आता तुम्ही विचाराल, का? मीही स्वतःला बरीच वर्षं विचारलं, आणि उत्तरं छान छान सापडायची. नोकरी चुकीच्या वयावर केली हे बाहेर आलं तर? मुलाच्या पडताळणीत माझे कागद लावलेत, त्यात खोट निघाली तर? हे सगळं बोलायला बरं. पण बाईला कागद दाखवायला कचेरी कशाला कळायला हवी होती? घरातल्या घरात दाखवता आला असता. तर ते नाही. खरं एवढंच की मला तो द्यायचा नव्हता. तारीख माझी होती. आणि कपाटातून कागद निघाला तर बाईला हेही कळलं असतं की उत्तमच्या उताऱ्यावर केरू वाढला. मग तिनं माझ्याकडे बघून पुन्हा ते वाक्य म्हटलं असतं? अर्धं? मला साठीच्या दाराशी उभं राहून ती भीती वाटत होती. माणूस म्हातारा होतो म्हणजे सगळाच होत नाही.

पंधरा दिवसांनी तिनं विचारलं. मी म्हणालो, ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं.

पहिलं खोटं अवघड जातं, पुढची आपण होऊन येतात. दर वर्षी पोळ्याच्या आसपास ती विचारायची, एकदाच, आणि दर वर्षी मी नवं काही द्यायचो. वाळवीतून वाचलेली पानं तालुक्याला गेलीत. तालुका म्हणतो जिल्ह्याला विचारा. संबंधित साहेब रजेवर. निवडणुकीचं काम लागलंय. सगळं स्कॅनिंगला गेलंय, परत आलं की बघू. सरकारवर इतके आळ मी घेतले, आणि बिचाऱ्या सरकारला पत्ताही नाही. बाई मान डोलवायची. म्हणायची, ‘दमला असशील. च्या घे.’

आणि दशम्या. हे सांगायचं मी मघापासून टाळतोय.

मी दर वर्षी एकदा खरोखर लासलगावची गाडी पकडायचो. घरात बसून ‘जाऊन आलो’ कसं म्हणणार? आमचं गाव तिथून जवळ. बाई सकाळी उठून दुधात पीठ मळायची, दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी घालून फडक्यात बांधून द्यायची. ‘कचेरीत बसावं लागंल, भुकेला ऱ्हाऊ नको.’ मी ते पुडकं घेऊन सीबीएसच्या एसटी स्टँडवर गाडीत बसायचो, लासलगावला उतरायचो आणि गावाकडे जायचोच नाही. बाजार समितीच्या बाहेर लिंबाखाली बसायचो. कांद्याचे ट्रॅक्टर बघायचो, लिलावाची आरडाओरड ऐकायचो. ओळखीचं कोणी भेटलं तर गप्पा. दुपारी फडकं सोडून दशम्या खायचो. आणि काय लागायच्या हो! एकही टाकली नाही कधी. मग तिसऱ्या प्रहराची गाडी, आणि घरी येताना दमलेला चेहरा. तो मला चांगला जमायचा.

अकरा वर्षं. अकरा पुडकी.

गेल्या वर्षी गंमत झाली. म्हणजे तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण आता आठवलं की हसू येतं. पोळा आठ दिवसांवर होता. सकाळी मी अंघोळ करून बाहेर येतो तर बाई हॉलमध्ये तयार. ठेवणीतलं हिरवं नऊवारी, काठी, पायात चप्पल, मांडीवर दशम्यांचं पुडकं. वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाली, ‘तुझी किती वढाताण. या वारी मीच जाते सुमनला घिऊन. बाईमानूस दारात बसलं की देत्यात शोधून.’ आणि सुमन खरंच रिक्षा घेऊन खाली आलेली.

मी डोळ्यांसमोर बघितलं – बाई ग्रामपंचायतीत बसलीय, कोणीतरी कपाट उघडतं, वाळवीनं न खाल्लेलं रजिस्टर टेबलावर येतं, आणि तो माणूस विचारतो, आजी, इतकी वर्षं कोणी आलं का नाही?

मी पायऱ्या उतरून रिक्षा परत पाठवली. बाईच्या पाया पडलो – हो, नाटक म्हणा – आणि म्हणालो, मला शेवटचं एकदा जाऊ दे. नाही मिळालं तर पुढच्या आठवड्यात तू जा. ती कशीबशी तयार झाली. पुडकं माझ्या हातात दिलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा लिंबाखाली थांबलो नाही. गावात गेलो. ग्रामपंचायतीत एक तरुण कारकून मुलगी होती. तिनं वर्ष विचारलं, नाकाला ओढणी बांधली, कपाटातून रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागली. पंधरा मिनिटं. अकरा वर्षं जे सापडत नव्हतं ते पंधरा मिनिटांत टेबलावर होतं, आणि वाळवीचं एक भोकही नव्हतं. ती म्हणाली, ‘याआधी कधी आला नव्हता का काका?’ मी म्हणालो, ‘नाही.’ अकरा वर्षांत या बाबतीत खरं बोललो ते त्या अनोळखी मुलीशी, आणि तेही एकच शब्द.

जन्माची नोंद मला पाठ होती. माझ्याच तर आयुष्यावर ती चिकटवलेली होती. मी नक्कल घेऊन निघणार, तर तीच म्हणाली, ‘मृत्यूचं पण बघू का? त्याच वर्षी असेल.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी, चित्रगुप्त! दुसऱ्यांच्या पणजोबांचे मृत्यू मी मोडीतून शोधून काढले, आणि आमच्या घरचं हे रजिस्टर कधी उघडलं नाही. मला वाटायचं, उत्तमचं जे काही आहे ते माझ्या निळ्या फाइलीत आहे. त्याच्यापलीकडे काही नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं ना.

तिनं दुसरं रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वय एकवीस दिवस. कारण ताप. खबर देणाऱ्याची सही नानांची – ती वाकडी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. आणि मयताच्या नावाच्या रकान्यात, शाई जराशी पसरलेली, पण स्वच्छ वाचता येईल असं – उत्तम.

नाव लिहिलेलं होतं. बाईला हवं होतं ते एवढंच तर होतं. माझ्या फाइलीतला कागद तिला पहिल्याच दिवशी दिला असता तरी त्यावर नाव नव्हतं. पण तिनं मला नावासाठी गावी पाठवलं असतं, मी गेलो असतो, आणि ते तेव्हाच मिळालं असतं. अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा तिचे डोळे चांगले होते. अक्षर येत नसलं तरी तिनं ते बघितलं असतं. आता तिला दिसतं ते धुक्यातलं.

मला तिथेच रडू आलं. मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली. तिला वाटलं, काय माया आहे काकांची भावावर. ती मला त्या क्षणी खरंच लागली होती का? थोडी लागली होती, असं वाटतं. पहिल्यांदा.

खरं सांगायला तो दिवस चांगला होता. परतीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. ‘बाई, मला माफ कर’ नाही, ते फार सिनेमातलं वाटतं. ‘बाई, मी तुला फसवलं’ – हे बरं. निफाड गेलं, ओझर गेलं, तरी मी त्याच वाक्यावर होतो. पण दार उघडलं तर सगळे जमलेले. सुमन, आमची ही, मुलगा-सून, नात तन्वी. सगळ्यांची नजर माझ्या पिशवीवर. आणि मी – काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘लई शोधावं लागलं.’

बाईनं दोन्ही नकला हातात घेतल्या, उलट्या धरल्या, मग माझ्याकडे दिल्या. मी वाचलं. नाव आल्यावर तिनं थांबवलं. पुन्हा वाच म्हणाली. चार वेळा वाचलं. मग नानांची सही कुठाय विचारून तिनं तिथे अंगठा ठेवला आणि म्हणाली, ‘नाव त्यांनी सांगितलं व्हतं. आन मला म्हनले, नोंदच नाय. सत्तर वर्सं लपवलं व्हय माझ्यापासून!’ तिला राग आला होता, पण हसतही होती. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘तू बरा. तू नाय लपवलं.’

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

मध्येच तन्वी ओरडली, ‘आबा, ही तर तुमची बर्थडेट!’ मग मी जो काही अभिनय केला तो बघायला तुम्ही हवे होतात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद खिडकीपाशी नेला. ‘अरेच्चा,’ म्हणालो. ‘म्हणजे नानांनी मला याच्यावरच शाळेत घातलं की काय?’ सगळे हसून लोळले. मी दीड वर्षानं लहान झालो. आमच्या हिनं बोटं मोजली आणि ती माझ्याहून सात महिन्यांनी मोठी निघाली. तेव्हापासून ती मला एकेरीत हाक मारायची धमकी देते. सुमननं गुळाचा शिरा केला. आमच्या घरात इतकं हसू कित्येक दिवसांत झालं नव्हतं, आणि ते एका पोराच्या मृत्यूच्या कागदाभोवती झालं. बाईच सगळ्यांत जास्त हसत होती. ती रडेल म्हणून नानांनी कागद लपवला होता – आणि बघा.

महिन्याभरानं घराण्याचा मेळावा होता, एका लॉन्सवर. वंशावळीचं दहा फुटी फ्लेक्स मी नव्यानं छापून घेतलं. त्यात माझ्या आधी उत्तमचा चौकोन. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या नंबरला बसलो आणि, खरं सांगतो, बसल्यावर काहीच झालं नाही. जागा अगदी बरोबर मापाची होती. तिथे माझा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. विस्मृतीत गेलेलं लेकरू शोधून काढल्याबद्दल. मग कोणीतरी बाईसमोर माइक धरला. ती कधी माइकवर बोललेली नाही. म्हणाली, ‘माझ्या केरूनं अकरा वर्सं पायपीट केली. मी दशम्या दिल्या, बाकी सगळं त्यानं केलं.’

दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा होतो. फेटा नीट बसलेला होता. फोटोत मी छान दिसतो. तो फोटो हॉलमध्ये लावलाय, आणि मी जेवायला बसतो ती खुर्ची नेमकी त्याच्यासमोर येते.

मेळाव्यानंतर काय सुरू झालं असेल? बायका यायला लागल्या. एक मावशी, दोन चुलत्या, मग त्यांच्या ओळखीच्या. सगळ्या साठी-सत्तरीच्या पुढच्या. आधी चहा घेतात, इकडचं-तिकडचं बोलतात, आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, ‘भाऊ, आमची पण एक होती. नऊ दिवसांची. तेवढं बघा ना.’ मी बघतो. आता खरोखर बघतो. तीन सापडली, एकाची नोंद अजून लागत नाही. बाईला कोण उत्साह! येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगते, केरू आणतोच, उशीर लागला तरी आणतो. आणि मी निघालो की पुडकं तयार असतं. लाटायला आता सून लागते, पण पीठ अजून तीच मळते.

तर हे असं आहे. मला साडेसोळाव्या वर्षापासून माहीत होतं. कागद माझ्या कपाटात होता. ती मागत होती आणि मी देत नव्हतो, कारण मला त्याचा हेवा वाटत होता. ती ज्या शोधाबद्दल मला दुवा देते तो शोध पंधरा मिनिटांचा होता. तिनं नानांना दोष दिला आणि मला सोडलं, आणि मी स्वतःला सुटू दिलं. याच्यात काही बदल करण्यासारखं नाही. माप घेऊन झालंय.

आधी वाटलं, हे जे लिहून काढतोय ती पानं तन्वीच्या हाती द्यावीत. ती दुपारी बाईला पेपर वाचून दाखवते, त्यातच हेही वाचेल आणि मी तेवढ्यात फिरून येईन. मग लक्षात आलं, हीपण लासलगावची गाडीच झाली.

पोळा परवावर आलाय. त्या न लागणाऱ्या नोंदीसाठी मला आज चांदवडला जायचंय, गाडीला तासभर अवकाश आहे. स्वयंपाकघरातून दशम्यांचा वास येतोय. बाई फडकं झटकतेय, मला इथं ऐकू येतं. गाठ मारून झाली की ती पुडकं घेऊन बाहेर येईल. तेव्हा मी तिला समोर बसवून हे वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून. त्यानंतर पुडकं माझ्या हातात द्यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.